खुंटी

तेह्रथुमहून भाच्याचा फोन येतो तेव्हा
माझी बोटं रासबेरीनं लाल असतात.
इथं ओदेमिरात जेवणाची सुट्टी झालेली,
तिकडे अंधार पडत आलेला,
मागे कुणीतरी मोठ्यानं पोती मोजतंय.
"मामा, कुठला देश चांगला?"

एजंटानं त्याच्यापुढे तीन कागद ठेवलेत.
तिन्हींवर पगार ठळक,
बाकी सगळं बारीक अक्षरात.

पगाराचंच विचारतोस तर ऐक, मानहांग,
दोहात मी याहून जास्त कमवायचो.
रस्ते असे, की भात सांडला तर वेचून खावा.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
आणि यांगदिन जन्मली ती मी फोनवर पाहिली:
नेटवर्क गेलं,
तीन मिनिटं तिचं तोंड उघडंच राहिलं पडद्यावर,
आवाज नाही.
तो देश वाईट, असं मी म्हणत नाही.
त्यांनी दोन हात मागवले होते,
दोन हात गेले.
हातांना कुठे मुलगी असते?

इथंही साखर पेरलेली नाही.
एका घरात आम्ही अकरा जण होतो,
न्हाणीघराचा नंबर चिठ्ठी टाकून.
मे महिन्यात प्लास्टिकखाली
आपलाच श्वास आपल्याला भाजतो.
कागदांसाठी अडीच वर्षं थांबलो,
त्या कचेरीतल्या कुठल्या खुर्चीचा पाय डुगडुगतो
ते झोपेतही सांगेन.

पण एकदा पत्र्यानं तळहात फाटला
तर दवाखान्यातल्या बाईनं नाव विचारलं,
मी म्हटलं, तुंबाहांगफे.
तिनं लिहिलं, खोडलं, परत विचारलं,
तिसऱ्यांदा स्वतःलाच हसली
आणि एकेक अक्षर माझ्याकडून वदवून घेतलं.
टाके घालताना दुखलं नसेल असं नाही.
मला आठवत नाही.

मग जितमाया आली, पोरगी आली.
शाळेच्या पहिल्या दिवशी
मी दारातच उभा, बूट चिखलाचे.
आत भिंतीवर लाकडी खुंट्यांची रांग,
जॅकेटं अडकवायला.
प्रत्येकीखाली एक नाव, एक चित्र.
शेवटून चौथ्या खुंटीखाली गोगलगाय
आणि तिच्याशेजारी माझ्या मुलीचं नाव.
ती यायच्या आधीच लिहून ठेवलेलं.
तू हसशील, पण
मी ती खुंटी हलवून पाहिली.
पक्की होती.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती.
गेल्या हिवाळ्यात बसथांब्यामागच्या भिंतीवर
रात्रीत कुणीतरी लाल रंगानं काही लिहिलं.
मला बोलायला येतं थोडं, वाचायला नाही.
यांगदिनला म्हटलं, वाच गं.
तिनं वाचलं, ओठ न हलवता.
"काही नाही, बाबा," म्हणाली,
आणि माझा हात धरून
रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला घेऊन गेली.
नऊ वर्षांची आहे.
तेवढं वाचायला तिला याच देशानं शिकवलं.

दुरून डोंगर साजरे, हे आपल्याला कुणी सांगायला नको,
आपण डोंगरातलेच.

"मग येऊ की नको?"

मी काही बोलायच्या आत जितमाया फोन घेते.
आधी आईचा गुडघा विचारते,
मग, कुत्रीला पिल्लं झाली का,
आणि मग, उगाचच विचारल्यासारखं,
यंदा वेलदोड्याला भाव काय मिळतोय.

तो आकडा सांगतो.
ती माझ्याकडे बघते.
शिट्टी होते, सगळे उठतात,
आणि मी क्रेट उचलता उचलता
मनातल्या मनात गुणाकार करू लागतो,
गेली अकरा वर्षं
दर हंगामाला करतो तसा.